मलम, सरस आणि जेल : एका चिकट पदार्थाचा इतिहास



फजरची नमाज आटोपून मंडळी मशिदीच्या पायऱ्यांवर चपला घालीत असतात, त्या वेळी कोणी तरी वयस्क गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टरांनी चोळायला ट्यूब दिली आहे. तिच्यात जिलेटीन असते म्हणतात. मग अंगाला हे लावून नमाज कशी होणार?" उभे राहणे, रुकू, सिजदा, पुन्हा उठणे, हे दिवसातून पाच वेळा करणाऱ्याला गुडघ्याची किंमत कळते. ट्यूब लावावी तर मनात किंतु, न लावावी तर सिजद्यातून उठवत नाही. प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण बगदाद-बुखाऱ्याच्या हकिमांपासून मुंबईच्या मासळी-बाजारापर्यंत आणि चंद्रपूर जिल्ह्यातील हाडांच्या कारखान्यापासून पिंपरीच्या औषध-वसाहतीपर्यंत फिरून येतो. हा फेरफटका आपण बरोबरच करू या.

जिलेटीन म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. थंडीच्या दिवसांत आपल्या घरी रात्री पाया शिजवून ठेवतात. सकाळी पातेल्याचे झाकण काढले की रस्सा थिजलेला असतो, चमच्याने हलविला तर थरथरतो. चुलीवर ठेवला की पुन्हा पातळ होतो. हाडे, कातडी आणि स्नायुबंध यांतील कोलॅजेन नावाचे प्रथिन बराच वेळ पाण्यात शिजले की त्याचे जिलेटीन होते. तो थिजलेला रस्सा म्हणजे जिलेटीनचे जेल. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे सोपे आहे.

मलम हा शब्द कोठून आला?

आपण रोजच्या मराठीत 'मलम' म्हणतो तो शब्द अरबीतील 'मरहम' या शब्दाचे रूप आहे. लाकूड जोडण्यासाठी सुतार वापरतो तो 'सरस' फारसीतील 'सरेश' वरून आला. जखमेला लावायचे औषध आणि चिकटवायचा पदार्थ, या दोहोंची नावे एकाच वाटेने आपल्या भाषेत आली आहेत, आणि इतिहासातही ही दोन्ही एकमेकांना सोडून राहिलेली नाहीत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज याने माशाच्या सरसाची नोंद केली असून डोक्याला लावायच्या लेपात आणि त्वचेच्या विकारांवर तो उपयोगी असल्याचे म्हटले आहे. त्याचा ग्रंथ पुढे अरबीत उतरला. इब्न सीना (मृत्यू १०३७) आणि त्यांच्यासारख्या हकिमांच्या परंपरेत हे ज्ञान वाढत गेले, आणि युनानी औषधांच्या यादीत माशाच्या सरसाला 'सरेशे-माही' असे नाव मिळाले. 'माही' म्हणजे मासा. सांगायचे असे की माशापासून काढलेला चिकट पदार्थ अंगाला लावणे ही आजकालच्या एखाद्या कंपनीची टूम नव्हे. आपल्या हकिमांच्या औषधपेटीत तो शतकानुशतके होता.

युरोपात हा पदार्थ 'आइसिंगग्लास' या नावाने विकला जाई. स्टर्जन नावाच्या मोठ्या माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. ती वाळवून तो तयार करीत. अठराव्या शतकात तेथे रेशमी कापडाच्या पट्टीवर त्याचे लेपन करून किरकोळ जखमेवर चिकटवीत असत. आज आपण मुलाच्या खरचटलेल्या कोपराला तयार पट्टी लावतो, तिची ही आजीच म्हणावयाची.

हिंदुस्थानच्या किनाऱ्याला या व्यापाराची माहिती फार जुनी. घोळ, दाढा यांसारख्या माशांच्या हवेच्या पिशव्या वाळवून मुंबईहून चीनकडे जात. हिंदी किनाऱ्यावर हा माल भरपूर आहे, तो औषध व उद्योगांसाठी का वापरू नये, असा मुद्दा मांडणारे एक स्वतंत्र पुस्तक जॉन फोर्ब्स रॉइल या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टराने १८४२ साली प्रसिद्ध केले होते. आजही घोळ माशाला सोन्याचा भाव येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका बोटीला दीडशेहून अधिक घोळ मासे एकदम सापडले आणि त्यांना सव्वा कोटीहून अधिक रुपये मिळाल्याची बातमी सर्व वृत्तपत्रांत झळकली. तो भाव मुख्यतः मांसाचा नव्हता, पोटातील त्या पिशवीचा होता.

डुकराची चरबी आणि १८५७ ची आठवण

आता नाण्याची दुसरी बाजू. मलमाला काहीतरी स्निग्ध बैठक लागते, म्हणजे ज्यात औषध घोटायचे तो पदार्थ. युनानी हकीम मेण, तिळाचे अथवा ऑलिव्हचे तेल घेत. युरोपातील औषधशास्त्रात मात्र डुकराची चरबी हीच मलमाची मान्य बैठक होती, आणि ब्रिटिश औषधसंहितेत तिला अधिकृत स्थान होते. आपल्या पूर्वजांना इंग्रजी दवाखान्यातील मलमाचा संशय येत असे तो केवळ अज्ञानामुळे नव्हता. त्या संशयाला आधार होता.

१८५७ साली एनफील्ड रायफलीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची वार्ता पसरली आणि पुढे काय घडले ते शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. उठावाची कारणे पुष्कळ होती. परंतु त्या प्रसंगातून एक धडा निश्चित मिळतो. वस्तूत काय आहे हे तयार करणाऱ्याने मोकळेपणाने सांगितले नाही, तर वापरणाऱ्याच्या मनात अफवा घर करते. हा धडा औषध-कारखानदारांनीही लक्षात ठेवावा.

सुदैवाने मलमाची बैठक बदलत गेली. १८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट चीझब्रो याने खनिज तेलापासून काढलेल्या व्हॅसलीनचे पेटंट घेतले. १८८२ च्या सुमारास मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून लॅनोलिन तयार झाले. एक खाणीतून आलेले, दुसरे जिवंत मेंढीच्या लोकरीतून. हळूहळू डुकराची चरबी औषधांच्या मलमातून मागे पडली.

हाडांतून जिलेटीन

जिलेटीनची वाट निराळी. १६७९ च्या सुमारास डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने घट्ट झाकणाचे एक भांडे तयार केले. त्यात वाफेच्या दाबाखाली कठीण हाडेही मऊ होत. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचा तो पूर्वज. त्याचा हेतू होता की फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांतून गरिबांना अन्न मिळावे. पुढे पॅरिसच्या रुग्णालयांत हाडांचे जिलेटीन रुग्णांना खाऊ घालण्यात आले. परंतु केवळ जिलेटीनवर प्राणी जगत नाही, असा निष्कर्ष फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या समितीने मॅजेंदी यांच्या नेतृत्वाखाली १८४१ मध्ये काढला. अन्न म्हणून जिलेटीन अपुरे ठरले, पण औषधाचे वाहन म्हणून त्याचे नशीब उघडले. १८३४ मध्ये फ्रान्समध्येच मोथ नावाच्या विद्यार्थ्याला जिलेटीनच्या कॅप्सूलचे पेटंट मिळाले होते. १८८० च्या दशकात हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी जिलेटीन, ग्लिसरीन आणि जस्ताची भस्म यांचे मिश्रण करून पायाच्या जखमांवर व सुजेवर लावण्याचा लेप प्रचारात आणला. बाहेरून लावायच्या औषधात जिलेटीनचा खरा वापर झाला तो असा.

'कोलॉइड' हा शब्द थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये रूढ केला. तो ज्या ग्रीक शब्दावरून घेतला त्याचा अर्थ सरस. 'जेल' हा शब्द 'जिलेटीन'वरूनच निघाला, आणि दोहोंच्या मुळाशी 'गोठणे' हा लॅटिन अर्थ आहे. येथूनच आपल्या गृहस्थांच्या मनातील घोटाळा सुरू होतो. नाव 'जेल', म्हणून आत जिलेटीन असलेच पाहिजे, अशी समजूत होते. ती बरोबर आहे की नाही हे पुढे पाहू.

कारखान्यात हाडांपासून जिलेटीन कसे करतात, ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. स्वच्छ केलेल्या हाडांचा भुगा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. त्यामुळे चुन्याचा अंश विरघळून जातो आणि मऊ ऑसीन मागे राहते. ते काही आठवडे चुन्याच्या निवळीत मुरते. मग धुऊन, गरम पाण्यात अर्क काढून, गाळून, वाळवून जिलेटीनचे दाणे मिळतात. आम्लात विरघळलेल्या भागापासून मिळणारे कॅल्शियमचे क्षार कोंबड्यांच्या खाद्यात जातात. डुकराच्या कातडीपासून जिलेटीन काढण्याची पद्धत वेगळी असते. तिच्यात आम्लाचीच प्रक्रिया थोडा वेळ करतात. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरजवळ बामणी येथे हाडांपासून ऑसीन तयार करण्याचा कारखाना उभारला गेला. त्याच्या मूळ कंपनीचा जिलेटीनचा कारखाना केरळात आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात जबलपूर व गुजरातेत वापी येथेही हा उद्योग उभा राहिला. आपल्या देशातील हा उद्योग मुख्यत्वे गुराढोरांच्या हाडांवर चालतो, डुकराच्या कातडीवर नव्हे. पुष्कळांना हे ठाऊक नसते. परंतु ते जनावर जबिहा केलेले होते की मेलेले, हे हाडांच्या ढिगाकडे पाहून कोणी सांगू शकत नाही. म्हणून प्रश्न निम्मा सुटतो, निम्मा उरतो.

पिंपरीची कहाणी

आता आपल्या अंगणात येऊ. स्वातंत्र्याच्या वेळी पिंपरी हे पुणे-मुंबई रस्त्यावरील एक लहान गाव होते. फाळणीनंतर निर्वासितांची वसाहत तेथे झाली. हाफकीन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरील लस तयार करण्याचे काम पिंपरीत चालविले. साप चावलेल्या शेतमजुराला वाचविणारे ते औषध प्राण्याच्या रक्तातून येते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विसरण्यासारखी नाही.

१९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. औषधनिर्मितीतील ही देशाची पहिली सरकारी कंपनी. १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. ज्या औषधासाठी परदेशाकडे तोंड करून बसावे लागे, ते पुण्यापासून दहा-बारा मैलांवर होऊ लागले.

या कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास मातीतील एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवर चालणारे औषध शोधून काढले. औषधास कंपनीच्या आद्याक्षरांवरून 'हॅमायसिन' नाव दिले आणि सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव ठेवले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. आपल्या पिंपरीचे नाव जगाच्या शास्त्रग्रंथांत गेले ते असे. हॅमायसिन मुख्यतः बाहेरून, म्हणजे तोंडातील छाल्यांवर अगर त्वचेच्या बुरशीवर लावण्याचे औषध होते. मुलांनो, तुम्ही बसने पिंपरीवरून जाता तेव्हा हे आठवा.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. ज्या चाकणच्या किल्ल्याने १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेला दोन महिने अडवून धरले आणि ज्याचा कांदा-बाजार प्रसिद्ध, तेथे पुढे मोटारींचे कारखाने आले. मराठवाडा, सोलापूर, कोकण येथून आलेली आपली कुटुंबे नेहरूनगर, कासारवाडी, चिखली या भागांत स्थिरावली. वडील यंत्रावर, मुले शाळेत. औषध-उद्योगातही भोसरीसारख्या ठिकाणी खाजगी कंपन्या वाढल्या. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचे दिवस मात्र फिरले. १९९७ मध्ये ती आजारी उद्योगांत गणली गेली. परंतु तिने जी कुशल माणसे तयार केली, त्यांचा या पट्ट्याला झालेला लाभ कोणी नाकारणार नाही.

ट्यूबमध्ये खरोखर काय असते?

सूज व वेदना कमी करणारे डायक्लोफेनॅक हे औषध स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तयार केले. पोटात घेतल्यास जठराला त्रास होतो, म्हणून पुढे ते त्वचेवरून देण्याची जेल निघाली. आपल्या बाजारातील नेहमीच्या ट्यूबवर पाहा : डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल, आणि पुष्कळदा जवसाचे तेल. होय, आपल्या चटणीतलेच जवस.

ही जेल घट्ट कशाने होते? बहुधा कार्बोमर नावाच्या कृत्रिम पदार्थाने. तो अॅक्रिलिक आम्लापासून बनवितात आणि १९५० च्या दशकात तो अमेरिकेत प्रचारात आला. पांढरी भुकटी पाण्यात टाकून तिचे आम्ल अल्कलीने शमविले की तिच्या लांबलचक साखळ्या फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. काही ठिकाणी लाकूड व कापसापासून मिळणाऱ्या सेल्युलोजचे पदार्थ वापरतात. म्हणजे आपल्या गृहस्थांना ज्या 'जेल'ची भीती वाटत होती तिच्यात बहुतेक वेळा जिलेटीन नसतेच. नावात साम्य आहे, वस्तूत नाही. जिलेटीन आढळते ते मुख्यतः कॅप्सूलच्या कवचात, काही लसींत आणि जखमेवर ठेवावयाच्या काही पट्ट्यांत.

मात्र 'बहुतेक' हा शब्द मी जाणून वापरला आहे. आपल्याकडे औषधाच्या वेष्टनावर प्रभावी घटक छापलेले असतात. बैठकीचे सर्व पदार्थ सहसा नसतात. म्हणून शंका असेल तर फार्मासिस्टला विचारावे, कंपनीला पत्र टाकावे. तो तुमचा हक्क आहे.

डायक्लोफेनॅकची आणखी एक कथा येथे सांगितली पाहिजे. हेच औषध जनावरांना टोचू लागल्यावर मेलेल्या जनावरांचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन हजारोंनी मेली. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी कारण सिद्ध केले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडे मढे साफ करीत, मग गरीब माणसे ती स्वच्छ हाडे गोळा करून हाडांच्या गिरण्यांना विकीत. गिधाडे गेली आणि त्यांच्या कामावर परिणाम झाला. एका औषधाने पक्षी, गरिबाची रोजी आणि जिलेटीनचा कच्चा माल यांना एका दोरीत कसे बांधले ते पाहा. आपल्या रायगड जिल्ह्यातील म्हसळ्याजवळ चिरगाव येथे गिधाडे वाचविण्याचे काम झाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

मासळीचे जिलेटीन

मग माशाचे जिलेटीन कशासाठी? जगातील एकूण जिलेटीनपैकी बराच मोठा भाग डुकराच्या कातडीचा, बाकी बहुतेक गुरांच्या कातडीचा व हाडांचा. मासळी वगैरेंचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत मानला जातो. परंतु इंग्लंडमध्ये १९८६ मध्ये गुरांना मेंदूचा विचित्र रोग आढळला आणि १९९६ मध्ये तो माणसातही पसरतो अशी धास्ती निर्माण झाली, तेव्हा सर्व जगाचे लक्ष माशाकडे वळले. शिवाय मुस्लिम आणि यहुदी ग्राहक होतेच.

अडचण निसर्गाची आहे. थंड समुद्रातील कॉडसारख्या माशाच्या कोलॅजेनमध्ये प्रोलिन व हायड्रॉक्सिप्रोलिन ही अमिनो आम्ले कमी असतात. त्यामुळे त्याचे जिलेटीन सुमारे दहा अंश सेल्सिअसच्या खालीच थिजते. पुण्याच्या मे महिन्यात ते पाण्यासारखे वाहील. तिलापिया, रोहू यांसारख्या उष्ण पाण्यातील माशांचे जिलेटीन त्या मानाने अधिक घट्ट, पण अंगाच्या उष्णतेला तेही टिकत नाही. म्हणून माशाच्या जिलेटीनपासून त्वचेवर लावायची जेल करायची तर त्यात दुसरा पदार्थ मिसळावा लागतो, किंवा एन्झाइमच्या साहाय्याने त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंफाव्या लागतात. अशा बैठकीत सूज उतरविणारे औषध घालून ते सावकाश सोडविण्याचे प्रयोग चालू आहेत. ज्यांना मासे सोसत नाहीत, अशा रुग्णांची काळजीही त्यात घ्यावी लागते. दरम्यान आइसलँडमध्ये कॉड माशाच्या कातडीचे जखमेवरील आच्छादन तयार झाले आणि २०१३ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. ब्राझीलमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिलापियाचे कातडे वापरण्यात आले. आपल्या देशात कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने (स्थापना १९५७) माशांच्या टाकाऊ भागांपासून औषधोपयोगी पदार्थ काढण्याचे काम केले आहे.

आपल्या रत्नागिरीत मासळीच्या लगद्याचा, म्हणजे सुरिमीचा, मोठा उद्योग आहे. मांस काढून घेतल्यावर कातडी व काटे उरतात. एकीकडे असा कच्चा माल, दुसरीकडे पिंपरी-भोसरीची औषधविद्या. मध्ये फक्त सह्याद्री आहे. हे अंतर कोण तोडणार?

शरियतचा विचार

मी आलिम नाही आणि फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. जे जाहीर झाले आहे तेवढेच सांगतो. कोकणातील आपले बांधव शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. परंतु मासा जबिहा न करता हलाल आहे यावर दोहोंचे एकमत आहे. म्हणून माशाच्या जिलेटीनबद्दल वाद उरत नाही. डुकराच्या जिलेटीनची गरज नाही, वनस्पतींपासून किंवा शरियतप्रमाणे जबिहा केलेल्या जनावरांपासून मिळणारे पुरेसे आहे, असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मान येथे केला. १९९५ मध्ये कुवेतमधील परिषदेत उलेमा व डॉक्टरांनी 'इस्तिहाला', म्हणजे वस्तूचे संपूर्ण रूपांतर, या तत्त्वावर जिलेटीन शुद्ध मानले. मिठाच्या खाणीत पडून मीठच झालेल्या वस्तूसारखे. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्व-भूमध्य कार्यालयाने हा निर्णय सर्वांना कळविला. मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. परंतु जीव धोक्यात असताना आणि पर्याय नसताना सवलत आहे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही.

हे मी एवढ्या कळकळीने का लिहितो? पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत क्षयाने आजारी असलेल्या एका तरुण कामगाराला कोणी तरी सांगितले की लाल कॅप्सूलचे कवच हराम आहे. त्याने दोन महिन्यांत औषध सोडले. खोकला थांबला होता, म्हणून घरच्यांनाही काही वाटले नाही. वर्षभरात रोग उलटला आणि मग नेहमीचे औषध लागू पडेना. ज्याने सल्ला दिला तो आलिमही नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ पसरून लहान मुले दगावली, तेव्हाही लस न घेतलेली घरे पुष्कळ होती. कारणे अनेक असतील, परंतु अफवा हे त्यांपैकी एक होते. तेथे उलेमांनीच पुढे येऊन लस घेण्याचे आवाहन केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. गोवराच्या लसीत ती टिकावी म्हणून थोडे जिलेटीन घातलेले असते. ते लपविण्यात अर्थ नाही. ते सांगून, समजावून मग लस टोचावी, हाच सरळ मार्ग आहे.

म्हणून पालकांना विनंती. शंका आली तर डॉक्टरांना विचारा की याच औषधाची गोळी किंवा पातळ औषध मिळेल का. सेल्युलोजची कॅप्सूलही आता मिळते. पण स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका.

आणि विद्यार्थ्यांना

आपण नेहमी एवढेच विचारतो की यात काय घातले आहे. हा प्रश्न योग्यच आहे. पण जो केवळ विचारतो तो कायम दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून राहतो. ख्वाजा अब्दुल हमीद अलीगढचे. रसायनशास्त्र शिकून बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९३५ मध्ये मुंबईत त्यांनी सिप्ला कंपनी काढली. २००१ मध्ये त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी एड्सवरील औषधे रोज एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केली आणि आफ्रिकेतील असंख्य जीव वाचण्याची वाट खुली झाली. डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनबद्दल आपल्या मधुमेही वडीलधाऱ्यांना किती संकोच वाटे! १९८२ मध्ये जीवाणूंकडून करवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २००३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील वोक्हार्ट कंपनीने ते स्वतः तयार करून बाजारात आणले. संकोच फतव्याने नव्हे, प्रयोगशाळेने मिटविला.

पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये अल्लाना फार्मसी महाविद्यालय आहे, नव्या पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे तंत्रशिक्षण संकुल आहे, औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) शिक्षणाची सोय आहे. तुमच्यापैकी एखादी मुलगी फार्मसीची पदवी घेऊन भोसरीच्या कारखान्यात संशोधन विभागात बसेल, रत्नागिरीच्या माशाची कातडी मागवील, तिचे जिलेटीन पुण्याच्या उन्हात न वितळेल अशी युक्ती काढील, आणि ट्यूबवर सर्व घटक स्पष्ट छापील. त्या दिवशी मशिदीच्या पायरीवरच्या त्या गृहस्थांना कोणाला काही विचारावे लागणार नाही. ट्यूब फिरवून वाचतील, गुडघ्याला लावतील आणि सफेत जाऊन उभे राहतील.

दहावी-बारावीला रसायनशास्त्र कठीण वाटते म्हणून सोडू नका. घरी पाया थिजलेला दिसेल तेव्हा आईला विचारा की हा असा का झाला. आणि मग पुस्तक उघडा.

अल्लाह आपल्या मुलामुलींना उपयोगी इल्म देवो. आमीन.